पट्ट्याचा वळ उजव्या खांद्यावर

बातमी लिहायला शिकले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसली. अपघात असेल तर गाडी कोण चालवत होतं, ते वरच्याच ओळीत यायला हवं. माहीत नसेल तर फोन उचलून विचारायचं. माझ्या अपघातात विचारायची गरज नव्हती. गाडी मी चालवत होते.

रविवारची सकाळ होती. इंदूरजवळ मानपुरच्या पुढे डांबरी रस्ता सोडून एका कोरड्या नाल्यात काही हौशी लोक जीपा चालवतात. त्यात आम्ही दोघं बहीणभाऊही असायचो. जीप दादाची, जुनी, पॉवर स्टिअरिंग नसलेली. मी नाल्यातून वर चढत होते, दादा डावीकडे बसला होता. समोरून उतरणारी जीप मुरमावर घसरली आणि आमच्या उजव्या पुढच्या चाकावर आदळली. वेग फारसा नव्हता. पण चाक एकदम वळलं, त्याबरोबर स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि त्याच्या आतल्या दांडीने माझा उजवा अंगठा मागे रेटला.

अशा वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नसतात, कडेवर बाहेर ठेवायचे असतात. हे मला दादानेच शिकवलं होतं. मी विसरले. चूक माझी.

मानपुरला उसाच्या रसाच्या दुकानातून बर्फ घेतला, रुमालात गुंडाळला, ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. इंदूरपर्यंत दादाने गाडी चालवली. रुग्णालयात तातडीच्या विभागात मी बाकावर बसेपर्यंत तो खिडकीशी जाऊन फॉर्म भरून आला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फॉर्म पाहिला, माझा डावा खांदा दाबला, मग गुडघे तपासले. बाजूच्या सीटवरच्या माणसाला जिथे लागतं तिथे ते शोधत होते. हात शेवटी पाहिला. "गिरते समय टेक दिया होगा. मोच है. पट्टी बाँध देते हैं."

"मी पडलेच नाही," मी म्हणाले. मग हिंदीत विचारलं, "फॉर्म में क्या लिखा है?"

"पैसेंजर."

मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं पंख्याचं बटण न्याहाळत होता.

"अरे, आईला काय सांगू?" तो हळूच म्हणाला. "ती हा कागद वाचणारच. "बाजूला बसली होती म्हटलं की दहा मिनिटांत किस्सा खतम. चालवत होती म्हटलं तर ती जीपची किल्ली विहिरीत टाकेल. तुझ्याच भल्यासाठी बोललो यार."

"भलं झालं का ते अंगठ्याला विचार."

डॉक्टर थांबले होते. मी कुर्त्याची कड सरकवली. सीटच्या पट्ट्याचा लाल वळ उजव्या खांद्यावरून तिरका खाली गेला होता. डावीकडे बसणाऱ्याला तो डाव्या खांद्यावर उठतो. "गाड़ी मैं चला रही थी. स्टिअरिंग का झटका अंगूठे को लगा है. पट्टी नहीं, एक्स-रे कीजिए."

डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. "क्यों भिया?"

"चला तो यही रही थी," दादा म्हणाला.

एक्स-रेमध्ये अंगठ्याचं हाड मुळाशी, सांध्यातच मोडलेलं दिसलं. तुकडा जागचा सरकला होता. हाडांचे डॉक्टर आले, त्यांनी फिल्म उजेडाला धरली. नुसतं मुरगळलंय समजून बांधून टाकलं असतं तर हाताची पकड गेली असती, असं त्यांनी सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी तार घालून हाड बसवायचं ठरलं.

मी मात्र फॉर्म परत मागितला. तरुण डॉक्टरांनी आधीचा शब्द खोडला, वर 'ड्राइवर' लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही मागितली. उजवा हात उचलवत नव्हता. "लेफ्ट अंगूठा लगा दीजिए, चलेगा," ते म्हणाले. मी डाव्या हातात पेन धरलं. सही लिहायला शिकणाऱ्या मुलासारखी वाकडी आली, पण माझ्या पूर्ण नावाची आली.

घरी तो कागद मीच आईच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला. किल्ली विहिरीत गेली नाही, पण ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते मी सोसलं.

तार निघाली, मग कित्येक आठवडे रबरी चेंडू दाबण्यात गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, या हाताने काय काम करता? टायपिंग आणि ड्रायव्हिंग, मी सांगितलं. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.

पुढे एका रविवारी त्याच नाल्याच्या काठावर मी दादापुढे हात केला. त्याने किल्ली दिली, गाडीला वळसा घालून डावीकडे बसला आणि पट्टा डाव्या खांद्यावरून ओढून लावला.

"अंगठे?" त्याने विचारलं.

"बाहेर," मी म्हणाले आणि गिअर टाकला.