परचुऱ्यांच्या हेल्मेटातला वारा

श्यामसुंदर परचुऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे दोष काढले. आकुर्डीच्या एका स्कूटर कारखान्यात ते तपासणी खात्यात होते, म्हणून त्याचा त्यांना पगारही मिळायचा. घरी तेच काम ते फुकट करत. आमटीत गूळ जास्त, सोसायटीच्या घंटेचा सूर कमी, शेजारच्यांची कुंडी वाकडी. पुढे देशानं दारं उघडली, झकपक मोटारसायकली आल्या, स्कूटरला कुणी कुत्रं विचारेना, आणि कंपनीनं एक दिवस खुद्द परचुऱ्यांनाच नापास मालासारखं बाजूला काढलं. मान राखून हो! स्वेच्छानिवृत्ती म्हणाले त्याला.

मुलगा केदार हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसतो. वडिलांच्या साठीला त्यानं कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मोटारसायकल आणून उभी केली. लांब पल्ल्याची, पुढे वारा अडवायला मोठी पारदर्शक काच, मागे सामानाच्या पेट्या. परचुऱ्यांनी जन्मभर स्कूटर हाकली होती आणि जन्मभर स्वप्नं पाहिली होती मोटारसायकलची. पण स्कूटरच्या कारखान्यात हे कुणाजवळ बोलणार? गाडी पाहून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी लगेच डाव्या आरशात दोष काढला.

केदारची अट एकच होती, डोक्यावर अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट हवं. आता आली पंचाईत. हेल्मेटसक्तीविरुद्धच्या मोर्चात परचुरे 'डोकं आमचं, निर्णय आमचा' असा फलक घेऊन पहिल्या रांगेत चालले होते, आणि मोर्चातली निम्मी मंडळी कोथरूडातच राहतात. मग त्यांनी अस्सल पुणेरी तोड काढली. गावात हेल्मेट हँडलला लटकवायचं आणि चांदणी चौक ओलांडला, ओळखीचं कुणी दिसत नाही अशी खात्री झाली, की डोक्यात घालायचं. तत्त्वही शाबूत, डोकंही शाबूत.

आणि तिथूनच त्रास सुरू व्हायचा. हायवेला गाडीनं वेग घेतला की हेल्मेटात पिठाची गिरणी चालू. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहायची, ती ऐकून परचुरे कुकर बंद करायला उठायचे आणि ओट्यावर कुकरच नसायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेला कान परत येत नाही. आवाज कमी करा, नाहीतर गाडी सोडा.

मंदाकिनीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे निकाल लावायला वेळ लागत नाही. येत्या रविवारी दोघांना वाईला मंदाकिनीबाईंच्या बहिणीकडे जायचं होतं. त्या फेरीत आवाज गेला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची, असं त्यांनी जाहीर केलं.

"न ऐकणारा नवरा मी इतकी वर्षं चालवून घेतला," त्या म्हणाल्या. "बहिरा चालवून घेणार नाही."

परचुरे हादरले. जन्मात एक हौस पुरी झाली आणि तीही आता जाणार! पण तपासणी खात्याचं रक्त होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं, हा कारखान्यातला नियम. वारज्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ते चालत्या गाडीवर पायठेवणीवर उभे राहिले. गिरणी बंद! मग टाकीवर पोट टेकून वाकले. पुन्हा बंद! सरळ बसले की चालू. शेजारून जाणाऱ्या बसमधली माणसं खिडकीत गोळा झाली, पण परचुऱ्यांना उत्तर सापडलं होतं. हेल्मेट निर्दोष. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा वारा फुटतो, घुसळतो आणि नेमका त्यांच्या डोक्यावर येऊन आदळतो. म्हणजे डोकं एकतर पूर्ण काचेच्या आड हवं, नाहीतर पूर्ण स्वच्छ वाऱ्यात. अधलंमधलं चालायचं नाही.

नाना पेठेतून त्यांनी आणखी उंच काच आणली. मंदाकिनीबाईंना मागे बसवून हायवेला गेले. गिरणी थांबली, आणि प्रश्न सुटल्याचं त्यांनी आनंदानं जाहीर केलं. तेवढ्यात पाठीत एक सणसणीत गुद्दा बसला. वारा आता त्यांच्या डोक्यावरून उडी मारून मागे मंदाकिनीबाईंच्या डोक्यावर कोसळत होता.

मग उलटा प्रयोग. मूळची काच घेऊन ते बिबवेवाडीला अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्याकडे गेले आणि वरून चांगली वीतभर कापून मागितली. त्याच्या दुकानात त्यानंच केलेली पाटी होती, 'माप तुमचं, चूकही तुमचीच'. परचुऱ्यांना माणूस फार आवडला. कापलेली काच लावून ते हायवेला गेले, आणि आता छातीपासून डोक्यापर्यंत सरळ, स्वच्छ वारा लागत होता. गिरणी गेली. राहिली फक्त हनुवटीखालची घरघर. डावा तळहात हनुवटीखाली धरला की तीही थांबायची, म्हणजे वारा हेल्मेटच्या खालून आत शिरत होता. पण हनुवटीला हात लावून वाईपर्यंत कोण जाणार?

"ओढणी गुंडाळा की गळ्याला," मंदाकिनीबाई सहज म्हणाल्या.

परचुऱ्यांना ते लागलं. पुण्यातल्या पोरी गाडीवर बसताना ओढणीनं अशा बांधून घेतात की फक्त डोळे दिसावेत आणि सख्ख्या बापानंही ओळखू नये. साठीच्या माणसानं तसं करायचं? मी काय कॉलेजला चाललोय का, म्हणून ते फणकारले आणि स्पंज, बूच, केदारचा जुना मोजा असं काय काय हेल्मेटात कोंबत बसले. काही उपयोग झाला नाही.

रविवारी चांदणी चौक ओलांडून ते हेल्मेट घालणार, तोच मंदाकिनीबाईंनी काही न विचारता आपली जांभळ्या फुलांची ओढणी त्यांच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट बांधली. इथे कोण बघतंय, म्हणून परचुऱ्यांनी बांधू दिली.

शिरवळच्या अलीकडे मोकळा रस्ता लागला, गाडीनं वेग घेतला, तरी घरघर बंदच. आनंदानं ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मागून आवाज आला. मंदाकिनीबाई बोलत होत्या. परचुऱ्यांशी नव्हे, परचुऱ्यांच्या पाठीशी. आणि त्या अडखळत नव्हत्या, रोजचा पाढा म्हणावा तशा बोलत होत्या. तेव्हा परचुऱ्यांच्या डोक्यात उजेड पडला की ही बाई स्कूटरच्या दिवसांपासून, गाडीनं वेग घेतला की, मागे बसून अशीच बोलत आली असणार. आज आवाज खरंच जाईल यावर तिचा तरी कुठे विश्वास होता!

आधी आमटीतल्या गुळाचा उद्धार झाला. मग सासूबाईंचा. परचुऱ्यांना हसू येत होतं. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी त्या म्हणाल्या, "शाळेच्या साताऱ्याच्या शाखेची मुख्याध्यापिका झाले असते मी. पत्र हातात होतं. हे म्हणाले, मग पोळ्या कोण करणार? आणि हसले. मी नाही म्हणून कळवलं. या माणसाला ते आठवतही नसेल."

नव्हतंच आठवत. आता आठवलं. जगभराचे दोष काढले आणि हा एक नजरेतून सुटला.

सुरूर फाट्याला चहाला थांबले. मंदाकिनीबाईंनी बशीत चहा ओतला आणि थेट मुद्द्याला हात घातला. "काय? गेला का आवाज?"

परचुऱ्यांनी मोटारसायकलीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर गाडी गेली. हो म्हणावं तर सगळं ऐकल्याची कबुली. खोटं बोलून दोन्ही वाचवायची काही तोड निघते का, हे त्यांनी पुणेरी सवयीनं एकदा तपासून पाहिलं. निघत नव्हती.

"गेला," ते म्हणाले. "शिरवळच्या आधीच गेला."

मंदाकिनीबाईंची बशी ओठांपाशी थांबली. त्यांचे कान लाल झाले होते.

"मंदा, पोळ्या मी करायला हव्या होत्या."

"तुमच्या पोळ्या कुत्र्यानंसुद्धा खाल्ल्या नसत्या," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा धारदार लागला नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसायला हात नेला, पण अंगात पंजाबी ड्रेस होता आणि ओढणी नवऱ्याच्या गळ्यात. तिचंच टोक ओढून त्यांनी डोळे पुसले. मग सुटलेली गाठ पुन्हा बांधली, गरजेपेक्षा जरा जास्तच आवळून.

"चला, बसा," त्या म्हणाल्या. "अजून केदारच्या जन्मापर्यंतसुद्धा पोचले नाहीये मी."