पडद्यावर न चाललेला नटनाना

सिनेमात नटनाना कधी चालला नाही. राजा झाला, साधू झाला, फौजदार झाला, एका मूकपटात तर राजा आणि राजाची आई दोन्ही तोच होता. पण दिसायचा तो बसलेला. सिंहासनावर, झोपाळ्यावर, दुकानाच्या गादीवर, फार तर खिडकीपाशी उभा. जळगावात लोक म्हणायचे, नानाला संधिवात आहे. धुळ्यात म्हणायचे, मोठा नट झाला ना, आता दुसऱ्यांनी त्याच्याकडे चालत यायचं. दोन्ही खोटं. नानाचे पाय चांगले धडधाकट होते. तो का चालत नव्हता हे मला ठाऊक होतं, कारण त्यात माझा हात होता.

नाना माझ्या वडिलांचा, आबांचा, एरंडोलचा शाळासोबती. आबांना आम्ही मुलं अहो-जाहो करायचो. नानाला घरात कुणीच केलं नाही. दिसायला नाजूक आणि आवाज गोड म्हणून एका नाटक कंपनीने त्याला शाळेतूनच उचललं आणि नायिका केलं. लुगडं नीट नेसायला तो माझ्या आईकडून शिकला. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती. "मन्हापेक्षा तोच चांगलं नेसे," असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची, आणि त्यात थोडा राग असायचा. मग नानाचा आवाज जाडावला, अंग भरलं. एका हंगामात नायिकेचा खलनायक झाला, पुढे विनोदी पात्रं, त्यापुढे म्हातारे. कंपनीत कुणी आजारी पडलं की मालक नानाकडे बघायचा. नाना कुठलंही पात्र नाकारायचा नाही. "माले काय, कोनताबी सदरा अंगले व्हस," म्हणायचा.

हे सदरे तो आमच्याच मुलखातून गोळा करायचा. कुणाचं खाकरणं, कुणाचं डोकं खाजवणं, कुणाचं बोलताना मध्येच डोळे मिटणं. पण त्याची एक रीत होती. तो विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. पहूरच्या बाजारात एक भाजीवाली हसण्याआधी नाकावर पदर घ्यायची. नाना तिच्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, तुन्ही एक सवय शे, ती माले नाटकमा पाहिजे. देशी का?" तिने ती सगळीच देऊन टाकली, "लई जाय, बठ्ठी लई जाय. मन्हा धनी कटाळी गया तिले." शिरपूरच्या एका मास्तरांनी मात्र नाही म्हटलं, तर नानाने त्यांच्यासारखी मान हलवायचा विचार सोडून दिला. नाटकवाल्याने एवढं सोवळं पाळावं याचं कंपनीत सगळ्यांना हसू यायचं.

आबांचा डावा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली सापडला होता. ते आधी पाय नुसता टेकवून बघायचे आणि मग त्यावर भार टाकायचे, जमीन आपली आहे की परक्याची याची खात्री करून घेतल्यासारखे. जळगावच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस तोलायच्या काट्यावर होते. गाडीवाले लांबून चालीवरून त्यांना ओळखायचे आणि रांग सरळ करायचे. आबांना त्याचा अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण होता.

माझं लग्न होऊन मी शिरपूरला गेले, त्याच्या पुढच्या दिवाळीला माहेरी आले होते. नानाची कंपनी जळगावात होती. रविवारी दुपारचा खेळ. नानाने आम्हाला बोलावलं होतं. आबा खाली पुढच्या खुर्चीत, मी आणि आई वर बायकांच्या माडीवर. नानाचं काम एका भित्र्या वैद्याचं होतं. रोग्याच्या दारापर्यंत जायचं आणि तिथूनच परत फिरायचं. पडदा वर गेला, नाना विंगेतून निघाला. डावा पाय टेकवला, पाहिला, मग भार टाकला.

थिएटर शांत होतं. आणि मी मोठ्याने म्हणाले, "माय, हाई ते आबा शेत."

मला खरंच आनंद झाला होता. दुसरं काही मनात नव्हतं. पण खाली पिटात बसलेले सगळे जिनाचे गाडीवाले. कुणीतरी उत्तर दिलं, "व्हय रे, काटावाला आबाच शे हाऊ." मग जे हसू उठलं ते नानाने पुढची दोन वाक्यं बोलायची थांबवली तरी थांबेना. आई माझ्याकडे बघत होती. मी खाली आबांकडे बघितलं. ते उठले नाहीत. खेळ संपेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काट्यावर गाडीवाले आबांना वैद्यबुवा म्हणू लागले. वाईट मनाने नव्हे, गंमत म्हणून. आठवडाभर आबांनी ऐकून घेतलं आणि मग मालकाला सांगून आत टेबलावर बसायचं काम मागून घेतलं. पुढच्या खेपेला मी माहेरी आले तेव्हा मागच्या अंगणात धुण्याची दोरी धरून ते सरळ चालायला शिकत होते. पन्नाशीला आलेला माणूस. दोन्ही पाय सारखे टाकायचे, दहा पावलं जायचे, वळायचे. आई चुलीपाशी बसून भाकरी थापत राहायची, वर बघायची नाही. जमलं त्यांना ते. गुडघा सुजला, पण चाल सरळ झाली. जिनाच्या खडखडाटाने आबांचे कान मंद झाले होते; वरून कुणी ओरडलं होतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. ती मी होते, हे आईने त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

नाना खेळानंतर तिसऱ्याच दिवशी आला होता. आबा ओट्यावर होते. जन्मभर ज्याच्याशी एरंडोलच्या बोलीत अरे-तुरे केलं, त्याला ते म्हणाले, "या, बसा. काय काम काढलंत?"

नाना उभाच राहिला. "माले बसा म्हणस का आबा तू?"

"तुम्ही सगळ्यांना विचारता. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो नसतो."

"मी तुन्ही चाल लिधीच नही रे. शाळामा तुन्हासंगे चालता चालता ती मन्हा पायमा बसी गयी. माले भी त्या दिनलेच समजनं."

यात खोटं काही नव्हतं. आबांच्या बरोबरीने राहायचं म्हणून नानाने शाळेच्या वाटेवर सात-आठ वर्षं आपली पावलं आखूड केली होती. आबांनी चहा मागवला. नानाने तो घेतला. मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, की गाडीवाल्यांना कळलं नसतं, मी ओरडले म्हणून कळलं. ते वाक्य मी बोलले नाही. दुपारच्या गाडीने मी सासरी निघून गेले.

त्यानंतर नाना वैद्याचं काम खुर्चीवर बसून करू लागला. कुणी हसेना. मालकाने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा दुसरा नट घेतला. म्हणून नाना सिनेमात गेला. तिथे बसून कामं मिळत होती. बोलपट आले तेव्हा त्याचा आवाज कामी आला आणि त्याचं बरं चाललं. एकदा धुळ्याला एका लग्नात भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, चालत का नाहीस. म्हणाला, "मी चालाले लागनू का आबाच येस." मग पंगतीत जाऊन बसला आणि पोटभर जेवला.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. आबांनी नानाचा एकही सिनेमा पाहिला नाही. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला ते अंथरुणाला खिळले. मी शिरपूरहून आले. एक दिवस उगीच बोलता बोलता सांगितलं, नाना सिनेमात चालत नाही, कायम बसलेला असतो. आबांनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली.

"खरंच नही चालस?" त्यांनी विचारलं. नानाविषयी त्यांच्या तोंडी ती बोली मी इतक्या वर्षांनी ऐकत होते.

"नाही चालत."

"वेडा शे," आबा म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा त्यांनी नानाला पत्र घाल म्हटलं असतं, पहिल्या गाडीने नाना आला असता. पण आधी मला माझं सांगावं लागलं असतं. मी त्यांचं पांघरूण नीट केलं आणि औषधाची वेळ झाली का ते बघायला उठले. पाच दिवसांनी आबा गेले. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरीला धक्का बसला. धक्का नव्हता. आत काही हलतच नव्हतं.

नाना दहाव्याला आला. केस पिकलेले, कोट चांगला. आईसमोर बसून राहिला, कुणाची नक्कल नाही, काही नाही. निघताना मी त्याच्याबरोबर टांग्यापर्यंत गेले आणि म्हटलं, "नाना, त्या दिवशी थिएटरात..."

"तुन्हा आवाज व्हता," तो म्हणाला. "मी तुले पाळनामा व्हती तवयपासून वळखस. वर देखाची गरजच नही पडनी."

"मग आबांना का सांगितलं नाहीस? इतकी वर्षं तुझ्यावरच होतं सगळं."

नानाने टांग्याच्या दांडीला हात लावला. "त्याना दोस्त ते गयाच व्हता. पोर बी कशाले काढी लेवू?"

तो वर चढून बसला. टांगेवाल्याने विचारलं, स्टेशनला ना, नाना हो म्हणाला. मी आत आले. आईने विचारलं, गेला का. मी म्हटलं, गेला. मग दोघींनी मिळून दहाव्याची भांडी घासली.