बाबांचा साडेतीनचा कॉल

आधीच सांगून टाकतो, इथले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतोय, पण निव्वळ टाइमपास म्हणून. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. एक तर आमचं घर बौद्ध, भूतखेत आणि अंगात येणं वगैरे प्रकारांना बाबांनी कधी दारात उभं केलं नाही. आणि दुसरं म्हणजे माझी नोकरी. मी नेटवर्क सपोर्टला आहे. "नेट आपोआप बंद पडलं" म्हणणारे रोज दहा जण भेटतात. राउटरवर कोण कधी जोडलं गेलं, कधी तुटलं याची नोंद राहते, तिला आम्ही लॉग म्हणतो. तो उघडला की कळतं, कुणीतरी काहीतरी केलेलं असतंच.

मी हे लिहितोय हे कळलं असतं तर बाबांनी मलाच वेड्यात काढलं असतं. तरी लिहितोय.

आम्ही मोशीत राहतो. सातवा मजला, टू बीएचके. मी, बायको प्रज्ञा आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली. प्रज्ञा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, ती सकाळी बसने जाते आणि सातला येते. माझं काम घरूनच. आतल्या बेडरूममध्ये माझं टेबल, टेबलावर राउटर. म्हणजे दिवसभर घरात मी आणि बाबा, आणि मध्ये एक बंद दार.

बाबा मूळचे लातूरकडचे. तरुणपणी पिंपरीला आले आणि तीस वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे दिवसभर पत्रा ठोकला जातो. कानात घालायला बोळे मिळायचे, पण घालणाऱ्याला बाकीचे हसायचे. रिटायर होईपर्यंत बाबांचे कान पार गेले. मी ऐकायचं मशीन आणून दिलं होतं, ते कपाटात पडलं... "डोक्यात प्रेस चालू होतो" म्हणायचे. पण त्या आवाजात काम करताना या लोकांना एकमेकांचे ओठ वाचायची सवय लागलेली असते. समोरच्याचं तोंड स्वच्छ दिसलं की बाबांना सगळं कळायचं.

त्यांचे एक जोडीदार होते, बबनकाका. रहाटणीचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. दोघं एकाच प्रेसवर, दोघांचे कान सारखेच गेलेले. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि मग गेटबाहेर दोघांचा चहा ठरलेला. रिटायर झाल्यावर मी माझा जुना स्मार्टफोन बाबांना दिला आणि तो चहा व्हिडिओ कॉलवर आला. रोज दुपारी साडेतीनला. हॉलमधल्या खुर्चीत बसून, फोन तोंडासमोर धरून. त्या फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं. बँकेचे मेसेज येतात म्हणून सिम बटणाच्या फोनमध्येच ठेवलं होतं. स्मार्टफोन चालायचा तो फक्त घरच्या वायफायवर. हे नीट लक्षात घ्या, पुढे लागणार आहे.

आता माझी करणी ऐका.

एके दुपारी क्लायंटसमोर माझी स्क्रीन फ्रीझ झाली. मॅनेजरने सगळ्यांच्या देखत सुनावलं. मी चिडून राउटरचं ॲप उघडलं, तर सगळ्यात जास्त नेट कोण खातंय... बाबांचा फोन. ॲपमध्ये प्रत्येक फोनला स्पीडची मर्यादा घालता येते. मी बाबांच्या फोनला इतकी कमी दिली, की मेसेज जाईल पण चालतं चित्र धड दिसणार नाही. दोन मिनिटांचं काम. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला हवाय स्पीड?

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "सुमेध, चित्र अडकायलंय रे. बबनचं तोंडच दिसंना."

मी त्यांच्याकडे तोंड करून, त्यांना नीट वाचता यावं म्हणून सावकाश म्हणालो, "एरियातच प्रॉब्लेम आहे बाबा. सगळ्यांचंच नेट स्लो आहे."

"मग राहू दे. तुझं काम व्हायलंय ना?"

झालं, विषय संपला. ज्या माणसाने मला कधी खोटं बोलू दिलं नाही, त्याला मी तोंडावर खोटं सांगितलं. त्यानंतर तीन-चार महिने ते तसंच राहिलं. एकदा मी पाणी प्यायला बाहेर आलो तर बाबा माझ्या दाराला चिकटून उभे, हातात फोन. तिथे चित्र जरा बरं दिसतं असं त्यांना वाटत होतं. कानाला ऐकू येत नसल्याने बोलायचे मोठ्याने. मी म्हणालो, "बाबा, मीटिंगमध्ये आवाज जातो, हॉलमध्ये बसा." ते गेले. पुन्हा कधी दाराशी आले नाहीत. हे आठवलं की आजही मला जेवण जात नाही.

तो दिवस शुक्रवार होता. तीनपासून क्लायंटचा मोठा डेमो. मी कसलीच रिस्क नको म्हणून बाबांचा फोन राउटरवरून सरळ पॉज केला. पॉज म्हणजे नेट पूर्ण बंद. दोन तासांनी चालू करू, असं ठरवलं आणि हेडफोन चढवले. डेमो मस्त झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. सहा वाजता बाहेर आलो.

बाबा खुर्चीत होते. मान एका बाजूला, फोन मांडीवर. मी खांद्याला हात लावला तेव्हाच समजलं. सोसायटीतले डॉक्टर आले, म्हणाले, "तीन तास तरी झाले असावेत." मग लगेच म्हणाले, "अंदाज असतो हा."  माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की साडेतीनला बाबांनी फोन लावला असेल, तो लागला नसेल, आणि शेवटची वेळ त्यांनी फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत काढली असेल. रात्री कधीतरी मी ॲप उघडून तो पॉज काढला. का काढला, मला सांगता येणार नाही.

गेलेल्या माणसासाठी आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्याला बबनकाका आले. वंदना झाली, जेवणं झाली. मी त्यांच्यासमोर बसलो, त्यांना माझं तोंड दिसेल असा.

"लई चांगला गेला रं तो," काका म्हणाले. "त्या दिशी पोटभर बोललो आमी."

"कुठल्या दिवशी?"

"गेला त्याच दिशी. साडेतीनला. चित्र कसं, म्होरं बसल्यावानी. किती महिन्यांनी त्याचं तोंड धड दिसलं."

मला वाटलं काकांचा दिवस चुकतोय. त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. तोच शुक्रवार. तीन वाजून चौतीस मिनिटं, बाबांकडून आलेला व्हिडिओ कॉल, एकवीस मिनिटांचा.

त्याच संध्याकाळी मी लॉग काढला. दोन सत्तेचाळीसला बाबांचा फोन पॉज, रात्री अकरा दहाला पुन्हा चालू. मधे एक बाइटही इकडून तिकडे नाही. बाबांचा फोन तपासला, तर त्यात त्या दिवशीचा कॉलच नाही. शेवटचा कॉल गुरुवारचा, चार मिनिटांचा. शेजाऱ्यांचं वायफाय म्हणाल तर त्या फोनमध्ये आमच्याखेरीज एकही नेटवर्क सेव्ह नव्हतं. माझ्याहून हुशार दोन कलीगना सगळं दाखवलं. एक म्हणाला, काकांच्या फोनचं घड्याळ चुकलं असेल. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे कॉल बरोबर वेळेचे आहेत. दुसऱ्याने लॉग पुन्हा वरपासून वाचून काढला. कॉल एका टोकाला आहे आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं आमच्या धंद्यात होत नाही. आणि डॉक्टरांचा तो तीन तासांचा अंदाज... त्याचा मी जास्त विचार करत नाही.

मी उत्तर शोधणं सोडून दिलंय. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, पण मला वाटत नाही सुचेल.

मला टोचत होतं ते वेगळंच. बाबांना कळलं होतं का? हे सगळं मीच केलंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं का? एका रविवारी न राहवून रहाटणीला गेलो. काका ओट्यावर बसले होते. मी समोर बसलो आणि विचारलं, "काका, त्या दिवशी बाबा काय बोलले?"

काका आठवून सांगू लागले. "जुनंच की. गेटवरचा चहा, तुझी आई, आमचा एक सुपरवायझर हुता त्याच्या नकला..." मग हसले. "आन् तुझं कवतिक. म्हनला, सुमेधनं आज नेट दुरुस्त करून दिलं. पोराला कामातनं येळ न्हाई, तरी माझ्यासाठी येळ काढला. चांगलं धा येळा म्हनला."

मी खाली बघत बसलो. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तूच केलं हुतंस नव्हं?"

मी नुसती मान हलवली, हो म्हणून. तोंड उघडलं नाही. त्यांना ओठ वाचता येतात.