याबिसीवहिनीने राखलेला वाफा

युकाचे कंद लावावेत तर माझ्या याबिसीवहिनीनेच. गुडघाभर उंच मातीचा वाफा ती असा रचायची की पाऊस कितीही कोसळो, एक कंद सडायचा नाही. कंद किसून, त्यातला विषारी रस पिळून ती भाजायची तशी भाकरी गावात कुणाला जमली नाही. माझं तिचं कधी पटलं नाही, पण खरं ते खरं.

जहाजांतून आमच्या बेटावर आलेले दाढीवाले आधी पाहुणे म्हणून जेवले, मग मालक म्हणून. एकेकजण आमच्या दहा जणांचं खायचा, मेल्यांची पोटं की रांजण! शेवटी कासिकने, आमच्या मुखियाने, हुकूम सोडला: सगळा युका उपटा आणि डोंगरात चला. खायला नसलं की जातील आल्या वाटेने.

"उपाशी पाहुणा जात नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. "तो चुलीपर्यंत येतो."

"तू काय कासिकपेक्षा शहाणी?" मी फणकारले.

तिने सगळं उपटलं, पण ओढ्यापलीकडचा एक वाफा राखला. तिची इनारू पाच वर्षांची, जन्माची अशक्त. रानातली मुळं तिला पचायची नाहीत, आणि नवा युका हाती यायला वर्ष जातं.

मी ते पाहिलं आणि कासिकला सांगितलं. एवढ्यावर थांबले नाही. स्वतः जाऊन तो वाफा उपटला, कंद ओढ्यात फेकले. केवढा अभिमान वाटला तेव्हा! वहिनी काठावर उभी होती.

पाहुणे गेले नाहीत. त्यांनी कुत्री खाल्ली, सरडे खाल्ले, मग त्यांचं धान्याचं जहाज आलं. डोंगरात मात्र आमचीच माणसं पटापट मरू लागली.

इनारूच्या हातांच्या काड्या झाल्या. एका दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, आई सांगते, खाली माझा वाफा आहे. कधी जायचं गं?"

वाफा मी उपटल्याचं वहिनीने तिला सांगितलंच नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"उद्या जाऊ हं, बाळा," मी म्हणाले.

पोर संध्याकाळीच गेली.

पुढे दाढीवाल्यांनी आम्हाला खाली आणून सोन्याच्या नदीवर जुंपलं. चार वर्षं वहिनी माझ्या शेजारी वाळू धूत होती, तिथेच मेली. एका शब्दाने तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, तिच्या पाया पडून रडले असते. तेवढंसुद्धा तिने मला करू दिलं नाही.