आधी धाकटीच्या पिशव्या

धाकटीच्या मातीच्या पिशव्या अजून फळीवर तशाच पडून असतील, हा विचार आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना. भाजी चिरताना पिशव्या, कपड्यांच्या घड्या घालताना पिशव्या.

धाकटी दूरच्या विद्यापीठात खारवट जमिनींवर पीएच.डी. करत होती. अर्धी वाट चालून झाली होती. शेताशेतांतून फिरून तिने माती गोळा केली होती, चिठ्ठ्या लावून पिशव्या भरल्या होत्या. आता ती माती प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासायची होती आणि घोडं तिथेच अडलं होतं. ते यंत्र एक नंबरचं नखरेल. नळी तुंबली की रुसून बसायचं आणि त्याचा रुसवा काढता यायचा तो फक्त धाकटीला. झालं. सगळ्या विभागाने ते तिच्या गळ्यात बांधलं. ‘ताई, तेवढे माझे नमुने काढून दे ना,’ म्हणत कुणीही यावं आणि हिने बाह्या सरसावाव्यात. हिने काढलेल्या आकड्यांवर दोघं डॉक्टर होऊन गेलेसुद्धा. त्यांच्या प्रबंधांत आभाराच्या पानावर हिचं नाव होतं, शिपायाच्या खाली.

तिचे गाइडही तुझ्यासारखा हात कुणाचा नाही म्हणत तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आले. आणि काल, मधल्या आढाव्याच्या बैठकीत, त्यांनीच चारचौघांत विचारलं, “तुझं स्वतःचं काम कुठंय?” पुढच्या आढाव्यापर्यंत स्वतःचे आकडे आले नाहीत तर नोंदणी रद्द.

फोनवर हे सांगतानाही धाकटी त्यांचीच बाजू घेत होती. सर रागावले नाहीत गं, माझंच नियोजन चुकलं, म्हणे. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राबवून घ्यायचं यांनी आणि नियोजन चुकलं हिचं!

वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, की अनुभव तर मिळतोय ना तिला.

“अनुभवाचं काय लोणचं घालायचंय?”

त्या गाइडलाच खडसवायचं म्हणून आईने चष्मा लावून विद्यापीठाचा नंबर शोधला. तेव्हा मात्र बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “बालवाडीत आहे का ती? तिला तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

तेही खरंच होतं. आई चरफडत बसली. सकाळी यंत्र तापलं की ज्याचे नमुने आधी आत जातील, त्याचा तो दिवस, असं धाकटीच म्हणाली होती. मग उद्याचा दिवस कुणाचा, असं आईने विचारलं, तर एका सीनियरचा. त्याला घाई आहे म्हणे. नोंदणी हिची जाणार आणि घाई त्याला! पण या पोरीच्या तोंडून ‘नाही’ म्हणून निघत नाही. कुणालाच नाही.

कुणालाच नाही. म्हणजे आईलाही नाहीच की.

मग आईने ठरवलं. उद्या सकाळी, यंत्र तापायच्या वेळेला, फोन लावायचा तो धाकटीलाच. फळीवरची पहिली पिशवी काढ म्हणायचं, आणि त्यातली माती यंत्रात जाईपर्यंत फोन ठेवायचा नाही. मध्येच कुणी ‘ताई’ म्हणत आलंच, तर त्याच्याशी बोलायला आई होतीच.