बोट उचला, ऑनरेबल

बोलताना माणसाने बटण दाबून धरावं आणि सोडूच नये, याची आराबा एसुमनला जेवढी शिसारी होती तेवढी कुजलेल्या मासळीचीसुद्धा नव्हती. कुजलेली मासळी निदान समुद्रात फेकून देता येते.

बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत तिने एकतीस वर्षं काढली. जहाजांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, वारा सांगायचा, धक्का मोकळा आहे की नाही ते सांगायचं. रेडिओचा माईक टेलिफोनसारखा नसतो. बटण दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. दाबूनच ठेवलंत तर समोरचा कितीही बोंबलत असो, तुमच्या कानापर्यंत काही म्हणजे काही येत नाही. वर त्या वाटेवरचं बाकीच्यांचं बोलणंही तुम्ही बुडवता. एवढी साधी गोष्ट. पण जितका माणूस मोठा, तितका त्याचा अंगठा जड, असा आराबाचा अनुभव होता.

एका दुपारी कुणा बड्या असामीच्या लाँचवर वाढदिवस चालला होता. कोणीतरी धुंदीत माईकवरच बसला. पाऊण तास त्या चॅनलवर नुसतं खिदळणं आणि बाटल्यांची किणकिण. त्याच पाऊण तासात मासेमारीच्या एका बोटीच्या इंजिनाला आग लागली होती आणि ते लोक हाका मारत होते. चौघे होते, तिघे परत आले. चौथ्याची बायको आठव्या दिवशी आराबाच्या दारात येऊन उभी राहिली. "माझ्या नवऱ्याने हाक नाही का हो मारली?" एवढंच तिने विचारलं. लाँचवाल्यांनी मागाहून दिलगिरी म्हणून ऑफिसात थंड पेयांचा एक क्रेट पाठवला. आराबाने तो उचलला, धक्क्याच्या टोकाला नेला आणि एकेक बाटली पाण्यात भिरकावली. साहेब ओरडला तेव्हा म्हणाली, "माझ्या पगारातून कापा. हे माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

अशी ही बाई निवृत्त झाली ती एन्सुआनोच्या टेकडीवरच्या शाळेशेजारी राहायला आली. घरात तिचा स्वतःचा छोटा रेडिओ होता, परवाना होता आणि करायला काही नव्हतं. शाळेतल्या मुली खिडकीत येऊन उभ्या राहायच्या. आधी हाकलून झालं, मग आत घेऊन झालं. दोन वर्षांत अकरा मुलींची तुकडी तयार झाली. पडद्याच्या दांड्या आणि जुन्या पलंगाच्या पट्ट्या जोडून त्यांनी शाळेच्या छपरावर अँटेना उभा केला. एकदा संध्याकाळच्या आभाळात एक चमकता ठिपका सरकताना दिसला, तेव्हा आराबा सहज बोलून गेली, "त्यात माणसं राहतात. त्यांच्याकडेही रेडिओ आहे."

झालं, त्या दिवसापासून मुलींनी तिला झोपू दिलं नाही. पत्रं लिहिली, अर्ज भरले, चौदा महिने वाट पाहिली. शेवटी उत्तर आलं. अंतराळ स्थानकातल्या बाई शाळेतल्या मुलांशी बोलतील. मंगळवारी, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी. स्थानक एन्सुआनोच्या आभाळातून दहा मिनिटांत पार होतं. दहा मिनिटं झाली की क्षितिजाखाली, मग ते कोणाच्या बापासाठी थांबत नाही.

अकरा मुली, अकरा प्रश्न. आराबाने चमच्याला दोरी बांधून खोटा माईक केला आणि त्यांच्याकडून घोटून घेतलं. "दाब, बोल, 'ओव्हर' म्हण, अंगठा उचल. आणि ऐक! ऐकायला आलोय आपण, वरच्यांना भाषण द्यायला नाही."

सगळ्यात चांगला प्रश्न मान्साचा होता. बारा वर्षांची पोर, चिमणीएवढा आवाज. बाप एग्या तावियाह, होडीवाला. त्याची जाळी सहा महिने रिकामी येत होती. परदेशी ट्रॉलर बंदीच्या हद्दीत घुसून, दिवे पाजळून मासळी उपसून नेतात, असं सगळा किनारा सांगत होता. आणि सरकारी माणसं सांगत होती की असा एकही ट्रॉलर नाही, कोळी दारू पिऊन दिवे बघतात. मान्साने विचारायचं ठरवलं होतं: "तुम्हाला वरून आमच्या समुद्रावर ट्रॉलरचे दिवे दिसतात का?"

हे ऑनरेबल बेंत्सिलच्या कचेरीला कळलं. हा जिल्ह्याचा कारभारी. त्याचा फोन आला आणि मुख्याध्यापिका मॅडम ओडूम प्रश्नांची यादी घेऊन आराबाकडे धावत आल्या.

"आंटी, हा प्रश्न काढावा लागेल. त्याच्या जागी हा घाला."

आराबाने कागद वाचला. 'आमच्या देशाचा झेंडा अंतराळातून किती सुंदर दिसतो?'

"मॅडम, हे वाचून मला ओकारी येते."

"मलाही येते. पण शाळेच्या छपराचे पत्रे त्याच्या सहीसाठी अडलेत. पावसात मुलांना कुठे बसवू, तुमच्या खिडकीत?"

मॅडम वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या गेल्यावर तिने मान्साला बोलावलं. "कागदावर झेंडा आहे. तोंडात काय ठेवायचं ते तुझं तू बघ."

आराबा आपल्या गावाला ओळखून होती, म्हणून तिने निमंत्रणावर सकाळी आठची वेळ छापली. आठ म्हटलं की लोक दहाला येतील, भाषणं साडेदहाला उरकतील, असा तिचा हिशोब. गावचे राजे, नाना, साडेनऊला आले. छत्रीखाली बसले, शेजारी त्यांचा ओच्यामे उभा राहिला. नाना चारचौघांत स्वतः बोलत नाहीत. त्यांचा शब्द ओच्यामेच्या तोंडून बाहेर येतो, आणि नानांसमोर बोलणाऱ्याचा शब्दही ओच्यामेच्याच तोंडून त्यांच्या कानी जातो. मुली गणवेशात, वेण्या घालून सातपासून उन्हात उभ्या. मैदानभर आईबाप, होडीवाले, मासळीवाल्या. फक्त ऑनरेबलचा पत्ता नव्हता.

तो आला अकरा वाजून पाच मिनिटांनी. तीन गाड्या, मागे बँड. मग पाद्र्याची प्रार्थना. पाद्रीबाबांनी आदम-हव्वेपासून सुरुवात केली आणि नोहाच्या नौकेपाशी पोचेपर्यंत सव्वाअकरा झाले. मांडवात पाहुण्यांना खिमा भरलेले मीट पाय आणि थंड माल्टच्या बाटल्या वाटल्या गेल्या. मुलींना पाणीसुद्धा नाही. पहिल्या रांगेतली एक पोर चक्कर येऊन खाली बसली, तर ऑनरेबलचा चिटणीस म्हणतो, "हिला फोटोतून बाजूला घ्या."

आराबाच्या डोक्यात तिडीक गेली. पण घड्याळात अकरा सतरा झाले होते. तिने बटण दाबून हाक दिली, अंगठा उचलला. खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. आणि तिसऱ्या खेपेला मैदानातल्या भोंग्यातून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, शेजारच्या अंगणातून आल्यासारखा.

"एन्सुआनो, तुमचा आवाज छान येतोय. नमस्कार सगळ्यांना! विचारा, मी ऐकतेय. ओव्हर."

मैदान जागच्या जागी उडालं. म्हाताऱ्या रडायला लागल्या. पहिली मुलगी पुढे आली, आणि तिच्या डोक्यावरून एक जाडजूड हात आला आणि त्याने माईक उचलला.

"एकच मिनिट," ऑनरेबल म्हणाला. "आधी सरकारतर्फे स्वागत. शिष्टाचार आहे."

त्याच्या बोटांना मीट पायचं तूप होतं. त्याच तुपकट अंगठ्याने त्याने बटण दाबलं आणि खिशातून चार पानं काढली.

"माननीय अंतराळवीर महोदया, माननीय नाना, उपस्थित मान्यवर..."

पहिलं मिनिट गेलं. दुसरं गेलं. त्याने जिल्ह्यातले रस्ते सांगितले. गटारं सांगितली. तरुणांनी विज्ञानाकडे वळावं असं सांगितलं, आणि विज्ञानाकडे वळलेल्या अकरा मुली त्याच्या पाठीमागे माईककडे टक लावून उभ्या होत्या. छपरावर चढवलेल्या वरच्या वर्गातल्या दोघी अँटेना हाताने फिरवत होत्या, आभाळातल्या त्या न दिसणाऱ्या बाईच्या मागोमाग, आणि खाली हा गटारं मोजत होता.

आराबा त्याच्या कानाशी गेली. "ऑनरेबल, बोट उचला. त्या बोलत असतील, आपल्याला ऐकू येत नाहीये."

"बघा, किती आदराने गप्प राहून ऐकतायत!" तो हसून मैदानाला म्हणाला, बटण दाबलेलंच ठेवून.

लोक हसले. आराबाला त्या लाँचवरचं खिदळणं आठवलं, आणि दारात उभी राहिलेली ती बाई आठवली. या माणसाच्या हातावर फटका मारावा असं वाटलं. मॅडम ओडूमनी मागून तिचा दंड घट्ट धरला. "आंटी, पत्रे!" त्या पुटपुटल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

अकरा चोवीस. तीन मिनिटं उरली होती. माईक हिसकावणं म्हणजे नानांसमोर मारामारी. ते तिला करायचं नव्हतं. तिने मांडवाकडे पाहिलं. ओच्यामे सोन्याच्या मुठीची काठी धरून उभा होता आणि त्याचं तोंड कडू झालं होतं. त्याला तर कोणी विचारलंच नव्हतं!

आराबा मांडवात गेली, नानांसमोर गुडघा टेकला आणि ओच्यामेला म्हणाली, "बाबा, नानांना कळवा. एक माणूस सहा मिनिटं त्यांच्यासमोर एकसारखा बोलतोय. एकदाही थांबला नाही. तुम्हाला शब्द उचलायला जागाच ठेवली नाही त्याने. त्याने काय सांगितलं ते नानांपर्यंत पोचलं का?"

नाना म्हातारे होते, पण बावळट नव्हते. त्यांनी ओच्यामेच्या कानात दोन शब्द सांगितले. ओच्यामेने काठी जमिनीवर आपटली. त्याला भोंगा लागत नसे.

"थांब! नाना म्हणतात, तुझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. नाना म्हणतात, नानांना डावलून तू आभाळाशी बोलतोस, एवढा मोठा कधी झालास रे?"

ऑनरेबलने दचकून माईक खाली घेतला. अंगठा उचलला गेला. आणि भोंगा खरखरला.

"...एन्सुआनो, एन्सुआनो, मला नुसता एकच आवाज येतोय. मुलं कुठे आहेत? मी लवकरच क्षितिजाखाली जाईन. कोणी मुलं आहेत का तिथे? ओव्हर."

मुलं आहेत का तिथे! आराबा धावली. साठी उलटलेली बाई लुगडं सावरत धावली, ऑनरेबलच्या हातून माईक घेतला, बटणावरचं तूप पदराने पुसलं. दीड मिनिट होतं. अकरा मुली तिच्याकडे बघत होत्या. दहा जणींना 'नाही' सांगायचं होतं आणि समजावून सांगायला वेळ नव्हता. रांगेतली पहिली, जिची पाळी होती, तीच मागे सरली आणि तिने मान्साला पुढे ढकललं.

चिमणीएवढ्या आवाजाच्या पोरीने बटण दाबलं.

"मी मान्सा तावियाह. माझे बाबा होडी चालवतात. तुम्हाला वरून आमच्या समुद्रावर ट्रॉलरचे दिवे दिसतात का? ओव्हर."

आणि तिने अंगठा उचलला. अगदी शिकवला होता तसा.

आवाज आता विरत चालला होता, शब्द खरखरीत बुडत होते आणि वर येत होते.

"हो मान्सा, दिसतात. रात्री तुमच्यावरून जाते तेव्हा... हिरवे... रांगच्या रांग असते. मला वाटायचं तिथे एखादं गावच आहे, इतके किनाऱ्याला लागून... मी फोटो काढलेत, तुमच्या शाळेला पाठव..."

मग नुसतीच खरखर. छपरावरच्या दोघींनी अँटेना क्षितिजापर्यंत वाकवून धरला होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, सोडवेना.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिटणीसाने ऑनरेबलला खुणावलं, आणि तो निर्लज्ज माणूस परत पुढे आला. मान्साच्या हातातून त्याने माईक घेतला, घसा खाकरला. बँडवाल्यांना हात केला. आभारप्रदर्शन करायचं होतं त्याला! दहा मुलींच्या तोंडचे प्रश्न गिळून वर ढेकर द्यायचा होता.

मासळीवाल्यांच्या मागून एग्या तावियाह उठला. त्याला भोंगा नव्हता आणि त्याचा आवाजही चढलेला नव्हता. आधी तो ओच्यामेकडे वळला, वाकला, नानांची परवानगी मागितली. नानांनी मान हलवली.

"ऑनरेबल, त्या बाईंना आभाळातून दिसतात. तुमची कचेरी तर धक्क्यावर आहे. तुम्हाला कसे हो दिसत नाहीत?"

ओच्यामेने तो प्रश्न शब्दन् शब्द पुन्हा म्हटला, मोठ्याने, कारण तो नानांपर्यंत पोचायला हवा होता. मग सगळं मैदान ऑनरेबलकडे बघत राहिलं. आराबा त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

माईक त्याच्या हातात होता. या वेळी त्याने बटण दाबलं नाही.