गोडव्याचे दहा गुण

येळ्ळूरचे परशराम मास्तर शाळेतून रिटायर झाले, पण त्यांचं लाल पेन काही रिटायर झालं नाही. बेळगावच्या आसपास शाळकरी पोरांची गायनस्पर्धा असली की परीक्षकाच्या खुर्चीत मास्तर ठरलेले. सुराला चाळीस गुण, तालाला तीस, शब्दांना वीस आणि उरलेले दहा आवाजाच्या गोडव्याला. हे शेवटचे दहा मास्तरांनीच हट्टानं घालायला लावलेले. त्याचा त्यांना भारी तोरा होता.

गेल्या वर्षी वडगावची अंजनी गायली. विणकराची पोरगी, सातवीतली. सुरातालात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. पण आवाज असा खणखणीत, की पहिल्याच ओळीला मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोडव्याला दहापैकी एक देऊन त्यांनी शेरा मारला, 'ओरडून गाते. आवाज मऊ करावा.' पोरीचा पहिला नंबर दोन गुणांनी हुकला. मास्तर घरी येऊन पोटभर जेवले आणि विसरून गेले.

यंदा लेकीला साडी घ्यायची म्हणून ते वडगावात गेले. गल्लीत शिरले तर दोन्ही अंगांनी घराघरातल्या यंत्रमागांचा खडखडाट. दुकान कुठं म्हणून एकाला विचारलं, त्याला ऐकूच जाईना. जन्मभर पोरांना 'हळू, हळू' म्हणणारे मास्तर शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडले. आणि ओरडता ओरडताच त्यांना अंजनी आठवली. त्या पोरीला घरात पाणी मागायचं झालं तरी असंच ओरडावं लागत असणार. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडी राहिली बाजूला. विचारत विचारत त्यांनी अंजनीचं घर गाठलं. तिची आई मालुबाई मागावर होती. स्पर्धेला ती आलेली, त्यामुळं तिनं लगेच ओळखलं आणि माग बंद केला.

"मास्तर, तुम्ही व्हय! बसा की."

"आक्का, माझं चुकलं. गेल्या वर्षी पोरीला गुण देताना मी..."

"चुकलं कसं? तुमचा शेरा तिनं भिंतीला चिकटवलाय बघा. वरीसभर त्येच करत्या. अंजने, म्हणून दाखव गं मास्तरांस्नी."

अंजनीनं हात जोडले, डोळे मिटले आणि गायली. आवाज बारीक, मऊ, जपून जपून काढलेला. गेल्या वर्षीची पोरगी त्यात कुठं सापडेना.

"सर, आता किती द्याल?"

मास्तरांचे डोळे भरून आले. "बाळ, पहिल्यासारखं मोकळं गा. तोच आवाज चांगला होता. मीच गाढव."

तिनं तोंड उघडलं. दुसऱ्याच शब्दाला आवाज पुन्हा बारीक झाला.

"तसं न्हाय येत आता, सर."

"लई ग्वाड झालाय आवाज," मालुबाई कौतुकानं म्हणाली. "येवढंच, की आधी माग चालू असला तरी तिचं गाणं मला ऐकू यायचं."

मागावरची साडी संध्याकाळपर्यंत पुरी करायची होती. मालुबाईनं माग चालू केला. अंजनी गातच होती. मास्तर तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिले.